निर्लेखित पुस्तकांच्या प्रकल्प नोंदी : परभणी, मे ते ऑक्टोबर २०२५

५ मे

वाचनालयाच्या मागच्या खोलीतली पोती आज जिन्याखालच्या खोलीत हलवली. सव्वाचारशे किलोच्या आसपास माल आहे. कार्यकारी मंडळाचा निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कमी करायचा, ठराव झालाय, दाखल नोंदवहीत एकेका क्रमांकापुढं लाल शाईचा शेरा पडलाय, पहिल्या पानावर 'रद्द'चा शिक्का बसलाय. कागदोपत्री ही आता पुस्तकं नाहीत, वजन आहे. रद्दीवाला किलोला बारा रुपये म्हणतो. मंडळाला मी एवढंच म्हटलं की वाचन प्रेरणा दिनापर्यंत, म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंत, थांबा. यातून काय काय वस्तू होतात ते बघू, त्या दिवशी त्यांचं प्रदर्शन मांडू. उरलेलं बाराच्या भावात जायला आहेच.

हत्यारं घरचीच. मामांनी (माझे सासरे) हयातभर कचेऱ्यांची आणि आडत दुकानांची रजिस्टरं बांधली. लाकडी शिकंजा (पानं दाबून धरायचा), दाभणं, टोच्या, मेणाचा गोळा, घडी दाबायची हाडाची पट्टी, सगळं माळ्यावर होतं. विकत घेतलं ते फक्त कटर, त्याची पाती आणि स्टीलची पट्टी. मामा नव्वदीला टेकलेत. हात थरथरतो, पण सुईत दोरा ओवून दुसऱ्याला देण्यात त्यांना अजून मजा वाटते.

कामाला सुट्टीतली गल्लीतली पोरं आणि वाचनालयाच्या दोन-तीन सभासद बायका. नियम एकच ठरवला : शिक्का असला तरी उघडून पाहिल्याशिवाय एकाही पुस्तकाला पातं लावायचं नाही.

९ मे

सगळा वेळ निवडीतच चाललाय. वरून बघणाऱ्याला वाटतं, आम्ही नुसतं बसून वाचत आहोत. तेही खोटं नाही.

समोरच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "पुस्तकं फाडायलीस का माय? सरस्वती हाय ती." मी म्हटलं, काकू, रद्दीवाल्याकडं गेली असती तर भजी बांधायला गेली असती. त्या म्हणाल्या, "ते त्याचं पाप. हे तुझं." त्यांच्या समाधानासाठी त्यांनाच एका ढिगावर बसवलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी आमच्या निम्म्या पोरांपेक्षा जास्त पुस्तकं तपासली आणि तीन घरी वाचायला नेली.

ढीग असे पडलेत. पोथ्या आणि धर्मग्रंथ, कुठल्याही धर्माचे असोत, बाजूला. ते मामांकडं दुरुस्तीला. परभणी जिल्ह्यावर किंवा मराठवाड्यावरचं काहीही, मग ते एखाद्या शाळेचं हस्तलिखित का असेना, बाजूला. एका पुस्तकाच्या चार प्रती असतील तर सगळ्यात धड प्रत परत कपाटात. मग उरतात गाईडं, जुन्या स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, टेलिफोन डिरेक्टऱ्या, कुठल्या तरी जमान्यातल्या संगणकाची ओळख करून देणारी पुस्तकं आणि वाळवीनं आतून बोगदे केलेल्या कादंबऱ्या. पातं चालणार ते यांच्यावर.

कायद्याच्या पुस्तकांचा वेगळा पेच. कोर्टातल्या एका वकीलसाहेबांनी वाचनालयाला दिलेला गठ्ठा आहे, त्यात भारतीय दंड संहितेची जाडजूड भाष्यं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली म्हणून मंडळानं ती रद्द केली. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्याच कलमांवर चालतात, ते चालणार वर्षानुवर्षं. एकेक प्रत ठेवा म्हणून मी चिठ्ठी दिली. दुसऱ्या-तिसऱ्या प्रती मात्र हव्याच आहेत. अशी पक्की बांधणी आणि काटकोनी पाठ गाईडांना कुठली?

१४ मे

आजची नोंद मोठी होणार.

एक हिशेबाचं जुनं बाड निघालं, कुणाच्या तरी देणगीतून आलेलं. आतली पानं कोरी पण पिवळी, पुठ्ठे सुटलेले. पुठ्ठा पाण्यात ठेवला की मऊ पडतो आणि लगद्याला चालतो, म्हणून परातीत टाकला. तासाभरानं बघितलं तर पुठ्ठ्याचे पदर सुटत होते आणि प्रत्येक पदरावर अक्षरं होती. वरून मोडी, खाली उर्दू, मध्ये एक छापील जाहिरातीचा तुकडा. सबंध पुठ्ठाच जुने कागद खळीनं एकावर एक चिकटवून केलेला.

मामांना हाक मारली. त्यांनी एक पदर उन्हाकडं धरला आणि हसले. "आम्ही काय येगळं करायलो होतो? कोरा पुठ्ठा परवडत नव्हता. कचेरीतली रद्दी घ्यायची, खळ लावायची, शिकंज्यात घालायची. झाला पुठ्ठा." पाठीचं अस्तर तर कायम जुन्या कागदाचंच असायचं म्हणे. म्हणजे जुन्या पुस्तकांतून नवी वस्तू करायचा आमचा हा प्रकल्प यांच्या दुकानात साठ वर्षं आधीच चालू होता, फक्त त्याला प्रदर्शन नव्हतं.

मामा निजामाच्या काळात शाळेत होते, उर्दू बऱ्यापैकी वाचतात. त्यांनी वाचलं ते एका दुकानाच्या उधारीचं पान होतं : गूळ, रॉकेल, मीठ, एक पायजम्याचं कापड. रकमा हाली रुपयांत, म्हणजे हैदराबाद संस्थानच्या स्वतःच्या नाण्यात. मोडी पानं त्यांनाही लागेनात.

बातमी गल्लीत फुटली आणि दुपारी माणसं जमली. त्याचं कारण इथं कुणाला सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले द्यायची पद्धत ठरवायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मराठवाड्यात जुना उर्दू किंवा मोडी कागद दिसला की लोक त्यात कुणबी नोंद शोधतात. ज्या कागदांकडं पन्नास वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, त्यांच्या झेरॉक्स काढायला आता रांग लागते. एका काकांनी तर पाण्यातला पदर हातात घ्यायला सुरुवात केली. ओला कागद बोटाबरोबर निघून येतो, त्यामुळं मला त्यांचा हात धरावा लागला. पदर कसे सोडवायचे ते आता ठरलंय : कोमट पाणी, पदराखाली पातळ प्लास्टिकचा कागद सरकवायचा, त्याच्यासकट उचलायचा, सुती धोतरावर उताणा ठेवायचा, उन्हात नाही, सावलीत. अर्धवट सुकला की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर वजन.

मोडी वाचणाऱ्या एका शिक्षकांना संध्याकाळी दाखवलं. तेही हिशेबच निघाले. पत्रक, गाव नमुना, जन्म-मृत्यूची नोंद असलं काही नाही. माणसं हिरमुसून गेली. पानं सगळी फाइलीत लावली. ही फाइल प्रदर्शनात ठेवायची, विकायची नाही, हे मी आजच लिहून ठेवते.

बाकीच्या जुन्या पुठ्ठ्यांना अजून हात लावलेला नाही. प्रत्येकाचा कोपरा आधी ओला करून बघणार.

२० मे

कागदाची जात ओळखायचा तास. पोरांना हे कंटाळवाणं वाटेल असं वाटलं होतं, पण परीक्षा घ्यायला मिळाली की पोरं खूश असतात.

पहिली परीक्षा कोपऱ्याची. पानाचा कोपरा पुढं दुमडायचा, मागं दुमडायचा. दोन-चार घड्यांतच तुकडा हातात आला तर त्या कागदाची घडीची कामं करायची नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यातलं लिग्निन उजेडानं पिवळं पडतं. शिवाय शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ घालत, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच सडतो. आमच्याकडच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या कादंबऱ्या बहुतेक अशाच. त्याआधीचे चिंध्यांचे हातकागद मात्र अजून वाकतात.

दुसरी परीक्षा ग्रेनची. यंत्रावर कागद बनताना तंतू एका दिशेनं पडतात. त्या दिशेनं घडी सरळ बसते, आडवी घातली की पापुद्रा फुटतो. ओळखायला पानाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला करायचा. तो वळतो, आणि वळकटीचा आस जिकडं, ग्रेन तिकडं. चांगल्या पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर असतो. स्वस्त गाईडांत बऱ्याचदा आडवा. म्हणूनच गाईडं उघडी राहत नाहीत, हात काढला की मिटतात. पोरांना हे फार पटलं. त्यांना वाटायचं, गाईडं मुद्दाम तशी करतात.

शाळेच्या पुस्तकांचं बरं असतं, बालभारतीच्या पहिल्या पानांत छापलेलंच असतं : कागद, ७० जी.एस.एम. (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम) क्रीमवोव्ह. घडी घ्यायला आणि शिवायला उत्तम, लगद्यालाही चालतो. गुळगुळीत चकचकीत आर्ट पेपर लगद्याला नको. त्यावर चिनी मातीचा थर असतो, पाण्यात त्याचा चिखल होतो आणि तंतू एकमेकांना धरत नाहीत. तो मण्यांसाठी वेगळा.

२८ मे

लगदा. मे महिना म्हणून भरवसा ठेवला होता, पण यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय. गच्चीवरची परात दिवसातून चारदा आत-बाहेर.

कृती समोरच्या काकूंची. त्यांच्या माहेरी बांबूच्या सुपाला आणि दुरडीला दरवर्षी कागदाचा लगदा फासायचे, भोकं बुजतात आणि दाणा सांडत नाही. कागद फाडून रात्रभर भिजवायचा. किलोभर सुक्या कागदाला मूठ-दीड मूठ मेथ्या, त्याही भिजवून बारीक वाटायच्या. कागद पिळून उखळात कुटायचा (मिक्सरमध्ये फिरवला तर तंतू तुटून पीठ होतं, टोपलीला ताकद राहत नाही), मग मेथीचं वाटण मिसळून पुन्हा कुटायचा. उपड्या मडक्यावर ओलं फडकं, त्यावर बोटभर जाड थर, तळहातानं थोपटत. मेथीचा चिकटपणा तर मिळतोच, आणि त्या कडवट वासाला किडा सहसा येत नाही असा काकूंचा विश्वास.

फेविकॉल घालून केलेली टोपली आणि मेथीची टोपली शेजारी ठेवली. फेविकॉलची लवकर कडक झाली आणि दिसायलाही गुळगुळीत आहे. माझं मत तरी मेथीच्या बाजूनं : पडली तर चेपते, फुटत नाही. आणि फुटलीच तर पुन्हा भिजवून नवी करता येते.

२४ जून

शाळा सुरू झाल्या, मदतीचे हात निम्म्यावर. पण त्याचबरोबर गेल्या वर्षीची पाठ्यपुस्तकं यायला लागली आणि त्यातून एक वेगळंच काम निघालं.

२०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांच्या पुस्तकांत धड्यानंतर वहीची कोरी पानं घातलेली होती. पुढं तो निर्णय मागं घेतला. आमच्याकडं आलेल्या पुस्तकांत ही पानं बहुतांश कोरीच आहेत. कुठं एखादं फूल, कुठं क्रिकेटचा स्कोअर. हा चांगला ७० जी.एस.एम.चा न वापरलेला कागद आहे, तो कुटून लगदा करणं म्हणजे पाप. वह्या करायच्या.

अडचण एकच. जुजबंदीला (दोऱ्यानं शिवायच्या बांधणीला) जोडपान लागतं, म्हणजे मध्ये घडी, घडीतून दोरा. आमची पानं सुटी. मामांनी तोडगा दिला : दोन सुट्या पानांच्या कडा एकमेकांना भिडवायच्या आणि त्यावर करंगळीएवढ्या रुंदीची पातळ कागदाची पट्टी खळीनं लावायची. पट्टीला टेलिफोन डिरेक्टरीचं पान, त्याहून पातळ आणि चिवट काही सापडलं नाही. मग अशी चार जोडपानं एकात एक घालून एक जुज, सहा जुजांची वही. पट्ट्यांमुळं पाठीकडं जाडी वाढते, म्हणून प्रत्येक जुज शिकंज्यात रात्रभर.

खळीची कृती लिहून ठेवते, सगळेच विचारतात. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा, मंद आचेवर हलवत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झाली. बांधणीवाले यात मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. ते विष आहे. पोरांचे हात बरबटतात, तेच हात तोंडात जातात. आम्ही मोरचूद घालत नाही. रोज लागेल तेवढीच खळ करतो, उरलेली फेकतो.

वह्यांना पुठ्ठा रद्द झालेल्या पुस्तकांचाच. 'नवनीत' मार्गदर्शकाच्या पुठ्ठ्यातली वही पोरांमध्ये सगळ्यात आधी संपली, हे मला कळलेलं नाही.

४ जुलै

आषाढीच्या आधी पोथ्या परत द्यायच्या होत्या, दिल्या. लोकांची रीत अशी की पोथी फाटली की गंगाखेडला गोदावरीत सोडून यायची. मामांचं म्हणणं, नदीला कशाला त्रास, पोथीची पानं सुटी असतात, तिला फक्त दोन फळ्या आणि एक रुमाल लागतो. फळ्या सुताराकडून, रुमाल शिंप्याकडून. काही पुस्तकं मशिदीत नेऊन दिली, तिथल्या मौलवीसाहेबांनी ती ठेवून घेतली.

२१ जुलै

कागजीपुऱ्याला जाऊन आले. दौलताबादहून खुलताबादच्या रस्त्यावरचं गाव. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या काळाशी इथल्या हातकागदाची परंपरा जोडतात. आज हौद, जाळी आणि दाब असलेलं काम थोडंच उरलंय, पण आहे.

पिशवीभर पानं घेऊन गेले होते : यापासून कागद होईल का? कारागिरानं एक पान फाडलं, फाटलेल्या कडेकडं बघितलं आणि मान हलवली. सुती चिंधीचा तंतू लांब असतो, फाटताना त्याची दाढी दिसते. आमच्या पानाची कड सुरीनं कापल्यागत. हा कागद आधीच आखूड तंतूंचा, पुन्हा कुटला की आणखी आखूड होतो. चिंध्यांच्या लगद्यात थोडा मिसळून होईल, एकटा उभा राहणार नाही. पाव भाग आमचा घेऊन त्यांनी चार ताव काढून दिले. राखट रंगाचे, मधूनच छापील काळ्या अक्षराचा ठिपका. एका तावावर 'आणि' असं पूर्ण वाचता येतं.

९ ऑगस्ट

मणी. लांबट त्रिकोणी पट्ट्या कापायच्या. पायाची रुंदी म्हणजे मण्याची लांबी, पट्टीची लांबी म्हणजे मण्याचा फुगा. सायकलच्या आऱ्यावर रुंद बाजूकडून गुंडाळायचं, टोकाला खळ, वरून वॉर्निश. चकचकीत मासिकांची पानं इथं कामी आली. पोरींनी दोन बरण्या भरल्या. यात मला स्वतःला रस नाही, पण विकलं जाणार हेच.

२४ ऑगस्ट

पोळा झाला (परवा, २२ ला). दिरांच्या गावी बैलांना यंदा आमची बाशिंगं होती.

बाजारातलं बाशिंग बेगड आणि थर्माकोलचं मिळतं. आम्ही कापडी पुठ्ठ्याची कमान कापली, त्यावर पानांच्या पंखागत चुण्या घालून चक्रं केली, तीन मोठी, कडेनं लहान, मध्ये बेगडाची टिकली. चुण्या ग्रेनच्या दिशेनंच. ज्यांनी घाईत आडव्या घातल्या त्यांची चक्रं उमलून बसली. पोळ्याला भुरभुर असतेच, म्हणून मागून-पुढून मेणबत्ती घासली आणि लांबून इस्त्रीची धग दिली. मेण आत मुरलं की पाणी ओघळून जातं, आणि कागद जरा पारदर्शक होऊन मागची छपाईही दिसते, त्याची शोभा वेगळीच.

मिरवणुकीत धाकल्या बैलानं शेजारच्याचं बाशिंग ओढून चावलं. दीर म्हणाले, "वहिनी, आमचा बैल अर्धं गणित खाऊन बसलाय बघा." उरलेलं अर्धं परत आणलंय. शाई पोटात जाते, तेव्हा पुढच्या वर्षी बाशिंग उंच बांधायचं आणि बैलांत अंतर ठेवायचं, हे दिरांना सांगून ठेवलंय.

७ सप्टेंबर

ज्या कामासाठी कायद्याची पुस्तकं राखली होती ते अखेर जमलं, म्हणून सविस्तर.

पुस्तकाच्या पानांना घड्या घालून कडेवर अक्षर उमटवायचं काम. इंग्रजी अक्षरांचे नमुने जिकडं-तिकडं मिळतात. पद्धत सोपी : प्रत्येक पान म्हणजे अक्षराची एक उभी चिरफळी. त्या चिरफळीत अक्षर जिथं सुरू होतं आणि जिथं संपतं तिथं दोन खुणा, खुणेच्या वरचा भाग मागं दुमडायचा, खालचाही. मधला भाग पुढं राहतो. शंभरेक पानं झाली की अक्षर दिसतं.

मराठीत हे अडतं शिरोरेषेवर. 'व' च्या वाटोळ्याची कुठलीही चिरफळी घ्या, वर रेघ आहे, मग मोकळी जागा, मग वाटोळं, पुन्हा मोकळी जागा, पुन्हा वाटोळं. एका पानाला दोन घड्यांत एकच पट्टा दाखवता येतो. एक पान रेघेसाठी, पुढचं पान वाटोळ्यासाठी असं आळीपाळीनं घेतलं तर पानं दुपटीनं लागतात आणि अक्षर विरळ, धूसर दिसतं.

मामा बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "रेघ कशाला काढायलीस? वरची कड आहे की." तेच केलं. प्रत्येक पानाचा वरचा दीड सेंटिमीटर अजिबात दुमडायचा नाही. त्याच्या खाली खुणांवर कटरनं आत बोटभर चीर द्यायची आणि अक्षर नसलेली तेवढीच जीभ आत दुमडायची. न दुमडलेल्या वरच्या कडांची मिळून सलग शिरोरेषा होते आणि अक्षरं तिला लोंबतात. चीर ग्रेनला आडवी जाते, म्हणून पातं दर दहा-बारा पानांना बदलायचं, नस्ता कड दातेरी होते.

दुसरी अट लगेच कळली. शिरोरेषेच्या वर काही असलेला शब्द चालणार नाही. एका शाळेच्या सरांना 'परभणी' हवं होतं. वेलांटी रेषेवर चढते, तिला जागाच नाही. मात्रा गेल्या, अनुस्वार गेला, रफार गेला. 'वाचन' बसतो : व, काना, च, न. चौकटीच्या कागदावर शब्द काढला, एक उभी चौकट म्हणजे एक पान, आणि प्रत्येक पानाची मापं पोरीनं मोठ्यानं वाचायची, मी चीर द्यायची. उकारवाले शब्द पुढं करून बघायचे आहेत; खाली जागा भरपूर आहे.

याच आठवड्यात तळातल्या पोत्यातून बी. रघुनाथांचं एक जुनं पुस्तक निघालं, मुखपृष्ठ नाही, मागची पानं कसरीनं चाळण केलेली. परभणीच्या मातीतला लेखक, आणि त्यांच्यावर 'रद्द'चा शिक्का. ते १९५३ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे हे स्कॅन करून कुणालाही देता येतं. वाचनालयाच्या संगणकावर पानं चढवली. मूळ प्रत मामांकडं, नवी पाठ बसतेय. शिक्का तसाच राहू द्या म्हटलंय, तोही तिच्या इतिहासातला भाग.

२८ सप्टेंबर

आठवडाभर पाऊस थांबायला तयार नाही. मराठवाड्यातल्या नद्यांच्या बातम्या वाचून कागदाच्या टोपल्यांची काळजी करणं बरं दिसत नाही, पण काम आहे ते लिहिते. सप्टेंबरात केलेल्या लगद्याच्या टोपल्यांना आतून हिरवी बुरशी आली. मे महिन्यातल्या चांगल्या आहेत. बुरशीच्या सगळ्या टोपल्या टाकून दिल्या. पोरांच्या छातीत तो भुगा जायला नको. लगदा आता फेब्रुवारीनंतरच.

ज्यांच्या घरात पाणी शिरलं अशा एका बाई लेकीची भिजलेली दहावीची पुस्तकं घेऊन आल्या. याला फाडायचं नाही, सुकवायचं आहे. उभी ठेवून पानं पंख्यागत उघडली, दर वीस-पंचवीस पानांत कोरा कागद, तो ओला झाला की बदलायचा. पंखा लांबून. चकचकीत चित्रांची पानं आधी सोडवली, ती सुकताना एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत. सगळी वाचली. लाटा आल्यात पानांना, पण वाचता येतात.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. मामांनी शिकंजा धुऊन पुसून झेंडू वाहिला. त्याच्याशेजारी कटरही मांडला, आणि कटरला हळद-कुंकू लावताना समोरच्या काकू माझ्याकडं बघत होत्या.

१२ ऑक्टोबर

आकाशकंदील. कविता छापलेली पानं यासाठी सगळ्यात चांगली, ओळी आखूड आणि भोवती मोकळी जागा भरपूर, त्यातून उजेड येतो. गद्याचं पान पेटवल्यावर नुसतं राखाडी दिसतं. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, पान खळीनं, वरून तेलाचा हलका हात. आत एलईडीच, छोटा. साधा बल्ब लावणाऱ्याला कंदील द्यायचा नाही, असं विक्रीच्या टेबलावर लिहून ठेवलंय.

१६ ऑक्टोबर

काल प्रदर्शन झालं. वह्या सगळ्या गेल्या, मणी जवळजवळ सगळे, कंदिलांच्या आगाऊ ऑर्डरी दिवाळीपर्यंत पुऱ्या होतील की नाही शंका. 'वाचन'चं पुस्तक विकायला नव्हतं, तरी त्याच्याच किमतीची सगळ्यांनी चौकशी केली. मोडी-उर्दू पानांच्या फाइलीपुढं मात्र दिवसभर गर्दी. दोन माणसांनी घरून आपापले जुने कागद आणून मामांना वाचायला लावले. मामा दुपारी जेवायला उठले नाहीत.

हिशेब : सव्वाचारशे किलोपैकी जवळपास साठ किलो पुस्तकं पुन्हा कपाटात गेली, तपासून, शिक्का रद्द करून, नव्या दाखल क्रमांकानं. मंडळातले एक सदस्य यावर नाराज आहेत, जागा मोकळी करायला ठराव केला होता म्हणतात. त्यांचंही खरं आहे. वस्तूंत किती गेलं त्याचं वजन करता येत नाही, पण तीन पोती नक्की. उरलेलं परवा रद्दीवाला नेणार. त्यानं भाव अकरा केलाय, पावसानं कागद दमट झाला म्हणून.

पुढचं : जुने पुठ्ठे अजून सहा शिल्लक आहेत, कोपरे ओले करून बघायचे. मोडी वाचणाऱ्या सरांना रविवारचा वेळ विचारायचा. बी. रघुनाथांच्या प्रतीला पुठ्ठा हवाय, कापड मरून. सुतारानं पोथीच्या फळ्यांचे पैसे अजून मागितलेले नाहीत, त्याच्याकडं जाऊन द्यायचे.